चोवीस लगडींचे चिलखत

गतवर्षी इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांस घेऊन आम्ही मुंबईस छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहावयास गेलो होतो. वर्तकनगरहून बसने ठाणे स्टेशन, तेथून लोकलने टर्मिनस आणि पुढे काळा घोड्यापर्यंत पायी, असा तो प्रवास. वाटेत मुलांनी खाल्ले किती व सांडले किती, ह्याचा हिशोब देण्याचे हे स्थळ नव्हे. शस्त्रास्त्रांच्या दालनात अकबर बादशहाचे पोलादी चिलखत व ढाल ठेविलेली आहे. चिलखत १५८१ सालचे, ढाल १५९३ सालची. छातीवर येणाऱ्या पोलादी पत्र्यावर धार्मिक वचने कोरलेली आहेत. इतिहासाचा शिक्षक ह्या नात्याने आम्ही दोन शब्द बोलण्यासाठी घसा साफ करीत होतो, इतक्यात मागून एक आवाज आला, "सर, ह्याला किती पॉइंट असतील?"

मुले हसली. दालनातील रखवालदारही हसला. आम्ही मात्र हसलो नाही. कारण त्या प्रश्नाचा अर्थ आम्हांस पुरता ठाऊक होता. त्याच वर्षी पावसाळ्याच्या सत्रात चिलखताचे गुण, त्याची किंमत आणि ते कोणी घालावे, ह्या विषयावर चार विद्यार्थ्यांमध्ये मोठा तंटा माजला होता, आणि त्या तंट्यात पंच म्हणून आमची नेमणूक झाली होती. तीच हकीकत येथे सांगावयाची आहे.

तंटा होता एका व्हिडिओ गेममधला. हा शब्द दिसताच आमच्या पालकवाचकांपैकी कित्येकांच्या कपाळास आठ्या पडतील, हे आम्ही जाणतो. पालकसभेत मोबाइलविषयी जी गाऱ्हाणी आम्ही ऐकतो, त्यांपैकी बहुतेक खरी असतात, आणि रात्री अकरा वाजता पांघरुणाखाली चाललेल्या खेळाचे समर्थन आम्ही करणार नाही. परंतु मूल काय खेळते हे न पाहताच तो खेळ टाकाऊ ठरविणे हा न्याय नव्हे. पुस्तक न उघडता त्याचे परीक्षण लिहिणारा विद्यार्थी आम्हांस चालत नाही. मग पालकांस तरी तशी सवलत का द्यावी?

ज्यांच्या घरी हा खेळ शिरलेला नाही, त्यांच्यासाठी चार शब्द. खेळाचे नाव माइनक्राफ्ट. स्वीडन देशातील मार्कुस पेर्सोन नामक गृहस्थाने तो २००९ साली प्रथम लोकांपुढे ठेविला. २०११ साली तो पूर्ण रूपात आला. २०१४ साली मायक्रोसॉफ्टने तो निर्मात्यांच्या कंपनीसकट विकत घेतला. आणि २०२३ पर्यंत त्याच्या तीस कोटींहून अधिक प्रती खपल्या. त्यातील जग चौकोनी ठोकळ्यांचे आहे. झाड चौकोनी, गाय चौकोनी, सूर्यदेखील चौकोनी. खेळणारा त्या जगात रिकाम्या हातांनी उतरतो. वीस मिनिटांत तेथे एक अहोरात्र होते. दिवसा लाकूड तोडावे, दगड फोडावा, निवारा उभारावा. कारण रात्र पडली की अंधारातून चालती प्रेते येतात, हाडांचे सापळे धनुष्य ताणून बाण मारतात, आणि 'क्रीपर' नावाचा एक हिरवा प्राणी पाऊल न वाजविता जवळ येऊन स्वतःसकट सर्व उडवून देतो. येऊरच्या डोंगराच्या कुशीत राहणाऱ्या मुलांस अंधाराचे हे भय समजावून सांगावे लागत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये ठाण्यातील एका मॉलच्या आवारात बिबट्या शिरला होता, ती गोष्ट ती आजही डोळे मोठे करून सांगतात.

तर ह्या रात्रीपासून बचाव व्हावा म्हणून चिलखत. ते बाजारातून आणावयाचे नसते, घडवावयाचे असते. खाणीतून कच्चे लोखंड काढावे, भट्टीत घालावे, खाली कोळसा घालावा. एका कोळशात आठ तुकडे वितळतात व त्यांच्या लगडी होतात. मग नऊ घरांच्या एका पाटावर त्या लगडी मांडावयाच्या. शिंप्याने कापड बेतावे तसाच हा प्रकार आहे. पाच लगडींचे शिरस्त्राण, सातांचे पायांवरील आवरण, चारांचे जोडे. उरस्त्राणास मात्र आठ लागतात: नऊ घरांपैकी वरच्या ओळीतील मधले घर तेवढे रिकामे ठेवावयाचे. ते रिकामे घर म्हणजे गळा, हे आम्हांस सहावीतील एका चिमुरड्याने दाखवून दिले, आणि ज्याने ही मांडणी प्रथम योजली त्याच्याविषयी आमच्या मनात आदर उत्पन्न झाला. (शिरस्त्राण, उरस्त्राण, जंघात्राण हे आमचे शब्द ऐकून मुले पोट धरधरून हसली. 'पादत्राण' तेवढे त्यांनी मान्य केले, कारण शाळेच्या नियमांत तो शब्द आहे.)

चिलखताच्या जाती अनेक. प्रत्येक जातीस गुण आहेत, आणि एका गुणामागे अंगावर येणाऱ्या घावाचा सुमारे पंचविसावा भाग कमी होतो. कातड्याच्या पूर्ण पोशाखास सात गुण, सोन्याच्यास अकरा, लोखंडाच्यास पंधरा, हिऱ्याच्यास वीस. सोने दिसावयास थोर, पण लोखंडाच्या निम्मेही टिकत नाही. तथापि पाताळात डुकराच्या तोंडाचे जे लोक राहतात ते अंगावर सोन्याची एक वस्तू दिसली तरी वाटेस जात नाहीत. सोन्याला मान देणारे लोक असे सर्वत्रच असतात. कातडे सर्वांत दुबळे खरे, परंतु भुसभुशीत बर्फात कातड्याचे जोडे घातलेला तरून जातो आणि हिऱ्याचे घातलेला आत रुततो. कड्या गुंफून केलेले जाळीचे चिलखत, ज्यास फारसीत झिरिह म्हणत व ज्यावरून आपला 'जिरेटोप' हा शब्द आला, ते ह्या खेळात घडविता येत नाही. ते तयारच मिळवावे लागते. सारांश, अमुक एक चिलखत सर्वांत चांगले, असे उत्तर येथे नाही. कोठे जावयाचे आहे, ते आधी विचारावे लागते.

आता तंट्याकडे वळू. आमच्या शाळेतील चौघे वर्तकनगरातील एकाच इमारतीत राहतात. तिघे नववीतले: दोन मुलगे आणि एक मुलगी, चौथा त्या मुलीचा धाकटा भाऊ, इयत्ता सहावी. शनिवारी दुपारी एका घरच्या वाय-फायवर चौघे एकाच जगात उतरतात. पुष्कळ दिवसांच्या खणणीनंतर त्यांस एका गुहेत लोखंड लागले. वितळवून लगडी भरल्या चोवीस. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. कारण पाच, आठ, सात व चार ह्यांची बेरीज बरोबर चोवीसच होते. म्हणजे एक पूर्ण पोशाख. आणि माणसे चार.

सोमवारी मधल्या सुट्टीत चौघे आमच्यापुढे उभे राहिले. तिघे चौथ्याशी बोलत नव्हते. पण तो चौथा कोण, हे प्रत्येकाच्या मते निराळे होते. आम्ही खडू पुढे केला आणि प्रत्येकाने आपली बाजू फळ्यावर मांडावी, असे फर्मान सोडले.

त्यांतील थोरला अंगाने दांडगा, कबड्डीच्या संघात आहे. तो म्हणाला, पूर्ण पोशाख एकाने घालावा. पंधरा गुण म्हणजे शंभरातले साठ घाव अंगावरून जातील. "मी पुढे राहतो, सर. बाकीच्यांनी माझ्यामागे राहायचं." ह्यात स्वार्थ होता, पण केवळ स्वार्थ नव्हता. पुढे राहण्याची त्याची तयारी खरी होती. सैन्याचा पुढारी असाच विचार करीत आला आहे.

दुसऱ्याचे गणित उत्तम आहे, आणि ते आपणांस ठाऊक असल्याचेही त्यास ठाऊक आहे. त्याने फळ्यावर भागाकार मांडला. उरस्त्राणास आठ लगडी व गुण सहा. शिरस्त्राणास पाच लगडी व गुण दोनच. म्हणजे लोखंडाचे सर्वांत अधिक चीज उरस्त्राणात होते. चोवीस लगडींत तीन उरस्त्राणे. गुणांची बेरीज अठरा. एका पूर्ण पोशाखाचे गुण पंधरा. तेव्हा त्याच लोखंडात तीन गुण अधिक मिळतात आणि एकाऐवजी तिघे झाकले जातात. हिशोब बिनचूक होता. आम्ही विचारले, "आणि चौथा?" तो म्हणाला, "त्याने कातड्याचं घालायचं. गाई आहेत आपल्याकडे." इतके बोलताच तिघांच्याही नजरा नकळत त्या सहावीतील मुलाकडे वळल्या. त्यानेही ते पाहिले.

ह्या धाकट्याचे म्हणणे वेगळेच होते. लोखंड पेटीत ठेवून द्यावे. चौघांना पुरेल इतके साठले की मग काय ते घडवावे. त्याला ह्या जगात प्रत्येक रात्री मरण येते, असे कळले. तरी त्याचा आग्रह साठविण्याचाच. खेळात मेलेल्याच्या अंगावरील सर्व वस्तू जमिनीवर पडतात आणि पाच मिनिटांत कोणी न उचलल्यास नाहीशा होतात. म्हणून चांगली वस्तू अंगावर घालूच नये, असे त्याचे शास्त्र. हे शास्त्र आम्ही मोठ्या माणसांतही पाहिले आहे. नवी पैठणी कपाटात आणि लग्नास जुनी.

शेवटी मुलगी उठली. तिने फळ्याचा एक कोपरा पुसून घेतला आणि लिहिले: ढाल, लाकडी फळ्या सहा, लगड एक. बाकीचे तिघे गप्प झाले. चार लगडींत चार ढाली. उरल्या वीस. त्यांत दोन उरस्त्राणे, सोळा लगडींची. राहिल्या चार, त्या पेटीत. ढाल मोडली की नवी करावयास. चार, सोळा आणि चार, मिळून चोवीस.

"ढाल धरली की मारता येत नाही," थोरला म्हणाला. ते खरे आहे. ढाल समोरून येणारा बाण व तडाखा पुरता अडविते. पण ती उचलून धरली असता पाऊल मंद पडते, हात गुंततो, आणि पाठ उघडीच राहते.

"मग दोघांनी धरायची, दोघांनी मारायचं," ती म्हणाली. "जे गुहेत पुढे जातील त्यांना चेस्टप्लेट. पण ढालीशिवाय कोणीच नाही राहायचं."

गणितज्ञाने गुणांची बेरीज केली आणि सांगितले की ह्या योजनेत अठरांऐवजी बाराच गुण होतात. ती म्हणाली, ढालीचे गुण त्याने धरलेलेच नाहीत. हे त्यास पटले की नाही, कळले नाही. पण त्याने खडू खाली ठेविला.

आम्ही तिला विचारले, "ही वाटणी तुला कोणी शिकविली?"

"आईच्या हॉस्पिटलात असंच होतं, सर," ती म्हणाली. "आत जाणाऱ्यांना पूर्ण किट. बाकीच्यांना मास्क. पण मास्कशिवाय कोणीच नाही."

तिची आई परिचारिका आहे. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी सुरू झाली, तेव्हा ही मुलगी नऊ वर्षांची होती. त्या आरंभीच्या दिवसांत अंगभर झाकणारे ते पांढरे पोशाख थोडे आणि माणसे फार, अशी स्थिती अनेक रुग्णालयांत होती. साथीपूर्वी आपल्या देशात हे पोशाख जवळजवळ तयारच होत नसत. पुढे दोन-तीन महिन्यांत ते दररोज काही लाख तयार होऊ लागले, ही गोष्ट अभिमानाची खरी. पण ते दोन-तीन महिने कोणीतरी काढले, हेही तितकेच खरे. त्या काळी रोज ड्यूटी लागली की प्रश्न हाच: आज पूर्ण पोशाख कोणाला? पालकसभेच्या दिवशी त्या माउलीशी आमचे ह्या विषयावर बोलणे झाले. त्यांनी सांगितले ते थोडक्यात येणेप्रमाणे. पोशाख चढविण्यापूर्वी पाणी प्यावयाचे नाही, कारण मग सहा-सात तास तो उतरविता येत नाही. आत घामाच्या धारा. चष्म्यावर वाफ धरून समोरची शीर दिसेनाशी व्हावयाची. सर्वांची तोंडे झाकलेली, म्हणून छातीवर मार्करने नाव लिहावयाचे. आणि सर्वांत बिकट काम पोशाख घालणे हे नव्हे, काढणे. बाहेरील अंगास रोग चिकटलेला असतो. दमलेल्या माणसाने घाईने एक हात चुकीच्या जागी लावला की दिवसभराचे चिलखत व्यर्थ. म्हणून काढण्याचा क्रम ठरलेला, प्रत्येक पायरीस हात निर्जंतुक करावयाचे, आणि एकजण समोर उभा राहून पाहणार.

"घरी आले की मी वेगळ्या खोलीत," त्या म्हणाल्या. "ही दाराशी ताट ठेवून जायची. धाकटा तेव्हा लहान; तो दाराखालून चित्रं सरकवायचा." एवढे बोलून त्यांनी मुलाच्या गणिताच्या गुणांविषयी विचारले, आणि आम्हीही त्याच विषयाकडे वळलो.

ह्या ठिकाणी त्या खेळातील एक उणीव सांगितली पाहिजे. तेथील चिलखतास वजन नाही. हिऱ्याचा पूर्ण पोशाख चढवूनही माणूस पूर्वीइतकाच पळतो, तितकीच उंच उडी मारतो; घाम येत नाही, श्वास कोंडत नाही. शिवाय एकाचे दुसऱ्यास हमखास बसते. खऱ्या जगात चिलखत निवडण्याचे अर्धे कष्ट तेथेच असतात. बायबल वाचणाऱ्यांस शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील सतरावा अध्याय आठवेल. शौल राजाने आपले पितळी शिरस्त्राण व चिलखत दाविदाच्या अंगावर चढविले. दाविदाने ते घालून चालून पाहिले, आणि सवय नाही म्हणून उतरवून ठेविले. गोफण व ओढ्यातील पाच गोटे त्याला पुरले. रविवारच्या शाळेत ही कथा सांगताना गोट्यावर भर असतो. आमचे लक्ष मात्र त्या आधीच्या चार पावलांकडे जाते. राजाने स्वतःचे चिलखत दिले असता ते घालून पाहणे, आणि मग ते मला चालत नाही असे राजाच्या तोंडावर सांगणे, ह्यास धोंडा फेकण्याइतकेच धैर्य लागले असेल.

मराठ्यांच्या इतिहासातही चिलखताची निवड पाहण्यासारखी आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाच्या भेटीस जाताना महाराजांनी अंगरख्याच्या आत चिलखत आणि मंदिलाच्या आत लोखंडी टोप घातला होता, हे प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ आहे. परंतु ते आत का घातले, हा प्रश्न परीक्षेत कोणी विचारत नाही. उघड चिलखत घालून भेटीस जाणे म्हणजे भेट मोडणे. न घालता जाणे म्हणजे जीव टाकणे. वर रेशीम व आत लोखंड, ही त्या एका प्रसंगापुरती बेतलेली निवड होती. त्याच महाराजांचे घोडदळ डोंगरांतून दौडत असे ते अंगावर जड लोखंड घालून नव्हे. त्याचा बचाव त्याच्या वेगात होता. वस्तुसंग्रहालयात अकबराच्या त्या पोलादापुढे आम्ही हेच सांगणार होतो. परंतु 'किती पॉइंट' ह्या प्रश्नाने व्याख्यान तेथेच संपले. आणि खरे सांगावयाचे तर तो प्रश्न आमच्या व्याख्यानाहून वाईट नव्हता. चिलखत पाहून ते किती घाव सोशील असे विचारणारा मुलगा निदान त्याकडे दागिना म्हणून पाहत नाही.

खेळ मात्र एका बाबतीत फार खरा आहे. त्यातील चिलखत उंचावरून पडणाऱ्यास वाचवीत नाही, बुडणाऱ्यास वाचवीत नाही, आणि उपाशी असणाऱ्यासही वाचवीत नाही. हिऱ्याने मढलेला माणूस कड्यावरून पाय घसरून पडला तर उघड्या माणसाइतकाच आपटतो. (पुढे जोड्यांवर मंत्र घालून पडण्याचा मार कमी करता येतो, अशी दुरुस्ती धाकट्याने सुचविली आहे, ती आम्ही येथे नोंदवितो.) म्हणून जाणते खेळाडू आधी पोटास भाकरी, मग हातात मशाल, आणि मग अंगावर लोखंड, ह्या क्रमाने चालतात.

आमच्या शाळेच्या फाटकापाशी सकाळी उभे राहिले असता जो देखावा दिसतो, त्याची ह्या ओघात आठवण होते. दुचाक्या येतात. पोखरण रस्त्याची वर्दळ, सिमेंटचे ट्रक, अर्धवट खणलेली गटारे. पुढे वडील, डोक्यावर हेल्मेट. मागे मूल, डोक्यावर केस. कित्येक वेळा पुढच्याचे हेल्मेटही आरशास लटकलेले, किंवा कोपरात अडकविलेले असते. पोलीस दिसला की ते चढते. मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम मागे बसणाऱ्यासही हेल्मेट घालावयास सांगते. आम्ही एका गृहस्थांस हे नम्रपणे सांगितले. ते म्हणाले, "अहो मास्तर, दोन मिनिटांवर तर घर आहे." त्यांचा मुलगा आमच्या तंट्यातील गणितज्ञ. तो मागच्या बसकेवरून खाली उतरत म्हणाला, "पप्पा, लेदरचं असलं तरी चालेल. एक तर गुण मिळेल." वडिलांस ह्यातले काही कळले नाही. आम्हांस कळले, आणि कातड्याच्या टोपीस खेळात खरोखर एकच गुण असतो हेही आम्हांस ठाऊक होते. पुढच्या आठवड्यात त्या मुलाच्या डोक्यावर निळ्या रंगाचे हेल्मेट दिसले. ते त्यास थोडे मोठे होते. पण पट्टा नीट आवळलेला होता.

आता निकालाचे राहिले. पंच म्हणून आम्ही काही निकाल दिला नाही. फळ्यावर चार योजना उभ्या होत्या. सुट्टी संपल्याची घंटा झाली. आणि थोरल्याने फळा पुसताना तीन योजना पुसल्या, चौथी ठेविली. पुढील तासास आलेल्या विज्ञानाच्या बाईंनी हे लोखंड व लाकूड कोणत्या धड्यातील आहे, अशी चौकशी केली.

त्या शनिवारी आम्ही मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. लहानशी खोली, खिडकीबाहेर नव्या टॉवरचे बांधकाम, चौघे खाली सतरंजीवर, चार मोबाइल. चौघांच्या हाती ढाली होत्या. थोरला व ती मुलगी उरस्त्राणे घालून पुढे चालली होती. असे का, म्हणता गणितज्ञाने आपले उरस्त्राण आपण होऊन तिला दिले होते, कारण त्याच्या हिशोबाने ती कमी वेळा मरते आणि म्हणून लोखंड अधिक दिवस टिकेल. औदार्याचे कारण हिशोबात सापडले तरी ते औदार्यच. रात्र पडली. चौघे पाठीला पाठ लावून उभे राहिले. सापळ्यांचे बाण ढालींवर ठक्कठक्क आदळू लागले. धाकट्याने आयुष्यात प्रथमच सबंध रात्र काढली, आणि पहाट होताच आनंदाच्या भरात नाचता नाचता कड्यावरून खाली पडून मेला.

ढाल पडण्यापासून वाचवीत नाही, हे आम्ही वर सांगितलेच आहे. त्याची ढाल, भाकऱ्या, मशाली, सर्व दरीच्या तळाशी पडले. पाच मिनिटांची मुदत. तळाशी अंधार, आणि अंधारात काय असेल ते दिसत नव्हते. थोरल्याने विचार केला नाही. शिडी लावीत लावीत तो खाली उतरला. "मी पुढे राहतो" हे त्याने सोमवारी म्हटले होते, ते शनिवारी केले. तो वस्तू घेऊन वर आला तेव्हा त्याचे उरस्त्राण झिजून मोडावयास आले होते. पेटीत लगडी चार; उरस्त्राणास आठ. धाकट्याने पेटी उघडली, चारही काढल्या आणि त्याच्यापुढे टाकल्या. जोडे तरी होतील, असे त्याचे म्हणणे पडले. पेटीतून काही काढण्याची ही त्याची पहिलीच वेळ, असे त्याच्या बहिणीने आमच्या कानात सांगितले.

परवाच्या वार्तेनुसार आता त्यांस खोल खाणीत हिरे लागले आहेत. हिरे तीन. सर्वांत लहान वस्तू जे जोडे, त्यांसही चार हिरे लागतात. तेव्हा चौथा हिरा मिळेपर्यंत थांबावे, असे धाकट्याचे मत आहे. परंतु तीन हिऱ्यांची कुदळ होते; ती केली तर चिलखत लांबणीवर पडेल, न केली तर खाण मंद चालेल. थोरला व गणितज्ञ प्रथमच एका बाजूस आहेत. मुलगी अजून काही बोललेली नाही. सोमवारी मधल्या सुट्टीत येतो, असा निरोप आला आहे, आणि आम्ही खडूची नवी पेटी मागवून ठेविली आहे.